उन्हाच्या मुलखात मुडदूस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पाळीव प्राण्यांवर एक अख्खं पान आलं होतं. त्यात हिरव्यागार शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं की हा प्राणी आवाज करत नाही, त्याचे केस गळत नाहीत, फ्लॅटमध्ये आरामात राहतो. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने ते पान पुण्याहून फोनवर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, यात हाडांचं काहीच कसं नाही लिहिलं?" त्याच्या प्रश्नामुळे हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबलं आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण पानभर कौतुक छापून आलं आहे, तर दुसरी बाजूही जरा सविस्तर मांडू द्यावी ही विनंती.

मी परभणी जिल्ह्यात 31 वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या. ओट्यावर बसलेल्या सासवांना "लेकराला अंधाऱ्या खोलीत ठेवू नका, अंगाला ऊन लागू द्या" म्हणून सांगत गावोगाव फिरले. मुडदूस झालेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. धनुष्यासारखे वाकलेले पाय, मनगटाजवळ जाड झालेली हाडं. माझ्याच घरात, माझ्या देखत एका मुक्या जिवाला तोच आजार जडला होता आणि तो ओळखायला मला तीन आठवडे लागले. याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचा हिरू हा व्हेल्ड शॅमेलिऑन जातीचा. डोक्यावर उंच तुरा असलेला. त्याचं मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातलं. मुलाने नातवाच्या वाढदिवसाला तो एका दुकानातून आणला, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता, तळहातावर मावेल एवढा. दुकानदाराने सोबत माशांची असते तशी काचेची पेटी दिली, एक पिवळा बल्ब दिला आणि मीलवर्म म्हणतात त्या अळ्यांची डबी दिली. सूचना एकच, रोज पाच-सहा अळ्या टाकायच्या. हाडं, ऊन, कॅल्शियम यांबद्दल एक शब्द नाही. पुढे मुलाला कंपनीने काही महिन्यांसाठी बाहेरदेशी पाठवलं, आणि दिवाळीत ती पेटी गाडीच्या मागच्या सीटवर बसून परभणीला माझ्याकडे आली.

मी पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवली, काचेचं तावदान लावून, म्हणजे थंडी लागणार नाही. सकाळचं सोनेरी ऊन पेटीभर पसरायचं. याला उन्हाची काही कमी नाही, असं मला समाधान होतं.

आधी त्याची पकड सुटायला लागली. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन जुड्यांत असतात, एकीकडे दोन, एकीकडे तीन, अगदी चिमट्यासारखी. त्या चिमट्याने तो फांदी अशी धरतो की सोडवता सोडवत नाही. हिरू मात्र फांदी सोडून कधीकधी स्वतःचाच दुसरा पाय धरून बसायचा. रात्री त्याची बोटं थरथरायची. मला वाटलं, थंडी असेल. परभणीत डिसेंबरात पारा आठ-नऊवर उतरतो, तेव्हा तसं वाटणं साहजिकही होतं. मग हनुवटी सुजल्यासारखी दिसू लागली. मला वाटलं, बाळसं धरतोय.

एका दुपारी त्याच्या समोरच्या पानावर नाकतोडा होता. एरवी त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, नेम धरताना मात्र दोन्ही एका ठिकाणी येतात. तसे ते आले. तोंड उघडलं, जीभ बाहेर निघाली आणि दोन बोटं पुढे जाऊन खाली लोंबली. ज्याची जीभ अंगाच्या लांबीपेक्षा दूरचा किडा टिपते, त्याची जीभ खालच्या ओठावर ओल्या दोरीसारखी पडून राहिली. ती आत घ्यायला त्याला कितीतरी वेळ लागला. तीनदा गिळल्यासारखं करून थांबला, पुन्हा केलं. नाकतोडा जागचा हललाही नव्हता. मी जेवत होते, ताटावरून तशीच उठले.

शेजारच्या मावशी धावून आल्या. म्हणाल्या, "ताई, चुन्याची निवळी द्या की थोडी. पहिलं लेकरायला देत होते, हाडं लोखंडासारखी होतेत." मीही घरातल्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून त्याच्या तोंडात घालायच्या बेतात होते. दोन्ही केलं नाही हे फार बरं झालं. चुना कोवळ्या तोंडाला भाजतो. माणसांच्या गोळ्यांत बहुतेक वेळा ड 3 जीवनसत्त्वही मिसळलेलं असतं, आणि ते माणसाच्या वजनाला बेतलेलं. एवढ्याशा जिवात ते जास्त झालं तर कॅल्शियम हाडांत जायच्या ऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत साचतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितलं की सरडा त्यांनी कधी तपासलेला नाही. पण त्यांनी आम्हाला परत पाठवलं नाही. एक्स-रे काढला, असे प्राणी पाहणाऱ्या आपल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना तो मोबाइलवर पाठवला आणि मग मला बसवून समजावलं. फोटोत हाडं धुक्यातून दिसावीत तशी पुसट होती. उजव्या हाताचं हाड विळ्यासारखं वाकलेलं, मांडीच्या हाडाला बारीक तडा. खालचा जबडा बोटाने अलगद दाबला तर रबरासारखा दबत होता. या आजाराला ते मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "बाई, गाय व्याली की कधी कधी बसून जाते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात. तेव्हा आपण शिरेतून कॅल्शियम लावतो ना? हे तिथलंच दुखणं. गाईला एका रात्रीत होतं, याला महिनोन्महिने होत आलंय."

शेतकरी वाचकांना सांगते, हे दुष्काळात बियाण्याचं पोतं फोडण्यासारखं आहे. हृदय चालायला, स्नायू हलायला रक्तात कॅल्शियम लागतंच, त्याशिवाय दिवस निघत नाही. अन्नातून ते आलं नाही, की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओततात. आजचा दिवस निघतो, पण पोतं रिकामं होत जातं. बाहेरून काही कळत नाही, कारण प्राणी खात असतो, रंग बदलत असतो. जीभ लोंबते तेव्हा पोत्याच्या तळाशी हात लागलेला असतो.

आणि कॅल्शियम अन्नात असूनही भागत नाही. ते आतड्यातून रक्तात यायला ड 3 लागतं, आणि शॅमेलिऑनचं शरीर ते कातडीवर पडणाऱ्या उन्हातून बनवतं. उन्हातले सगळे किरण त्यासाठी चालत नाहीत, डोळ्यांना न दिसणारे यूव्हीबी नावाचे अतिनील किरणच लागतात. खिडकीची काच ऊब आत सोडते, उजेड आत सोडते, हे किरण मात्र जवळपास सगळेच अडवते. मे महिन्यात जिथे पारा 42-43 वर जातो, जिथे आम्ही वर्षातले आठ महिने उन्हापासून तोंड लपवतो, तिथे हा जीव पेटीची काच आणि खिडकीची काच अशा दोन काचांमागे उन्हावाचून वाळत होता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला त्या अंधाऱ्या खोल्यांतली लेकरं आठवली.

खाण्याचंही तेच. मीलवर्म काय किंवा रातकिडे काय, त्यांच्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कित्येक पट जास्त असतो. शरीराला हवं असतं उलटं, फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. म्हणजे नुसत्या अळ्या खाऊन त्याचं पोट रोज भरत होतं आणि हाडं रोज उपाशी राहत होती.

मग आम्ही काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल. औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि घरच्या काट्यावर हिरू भरेचना. ओळखीच्या सराफाकडे नेला. त्यांनी सोनं तोलायच्या काट्यावर रुमाल अंथरून तोलला. 46 ग्रॅम. त्या हिशोबाने डॉक्टरांनी कॅल्शियमचं पातळ औषध दिलं. तोंड जबरदस्तीने उघडायचं नाही, मऊ जबडा तिथेच मोडतो. थेंब ओठाच्या कडेला लावायचा आणि तो चाटेपर्यंत वाट बघायची. कधी पाच मिनिटं, कधी वीस. पाठीला धरून उचलायचं नाही, फांदीवरून ओढून काढायचं तर मुळीच नाही. हात पुढे धरायचा, तो आपणहून येईल तेव्हा येऊ द्यायचं.

उंच फांद्या काढून टाकल्या, कारण पडला की हाड मोडणार. वितभर उंचीवर आडव्या काड्या बांधल्या आणि त्यांना दवाखान्यातली गॉझपट्टी गुंडाळली, म्हणजे दुबळ्या पकडीलाही धरता यावं. खाली जुनी वाकळ घातली. काचेची पेटी माळ्यावर गेली आणि सुताराकडून चारी बाजूंनी जाळी लावलेला पिंजरा करून घेतला, आत जास्वंदीची कुंडी. व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही कुरतडतो, जास्वंद त्याला चालते. वाटीतलं पाणी त्याला पाणी म्हणून कळत नाही, पानावर चमकणारा थेंब तो चाटतो. त्यासाठी सलाइनची रिकामी बाटली आणि सेट वर टांगला, मिनिटाला दहा-बारा थेंब पानावर पडतील असा. बत्तीस वर्षांपूर्वी शिकलेलं थेंब मोजणं या कामी आलं.

रातकिडे आता मी घरीच वाढवते, अंड्यांच्या ट्रेमध्ये. त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा घालते. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि किडा जे खातो ते शेवटी हिरूच्या पोटात जातं. पालक घालत नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. द्यायच्या आधी किडे डबीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवते, आपण भजी पिठात घोळवतो तसे. ड 3 असलेली भुकटी वेगळी, ती महिन्यातून दोनदाच, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. शेतातले नाकतोडे बंद केले. आमच्या भागात कापूस आणि सोयाबीनवर किती फवारणी होते हे सगळ्यांना माहीत आहे. घरातली झुरळंही देऊ नयेत, त्यांच्यावरही औषध मारलेलं असतं.

उन्हाबद्दल मात्र जपून. जाळीचा पिंजरा मी सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर नेते. अगदी उगवतीच्या कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार थोडं असतं, सूर्य जरा वर यायला लागतो. पिंजऱ्याचा अर्धा भाग कायम सावलीत हवा, म्हणजे तापला की त्याला सरकता येईल. वीस मिनिटं, अर्धा तास, बस्स. उन्हाळ्यात त्याहून लवकर नेते आणि लवकर आणते. तो तोंड उघडं ठेवून फिका पडला की समजायचं, ऊन सोसवेना. काचेची पेटी कधीही उन्हात ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते. गच्चीवर मी समोर बसून राहते, कावळे आणि मांजरं वाटच बघत असतात. घरातली यूव्हीबी ट्यूबही घेतली. ती दिसायला वर्षानुवर्षं पेटते, पण तिचे उपयोगी किरण सहा ते बारा महिन्यांत ओसरतात, म्हणून बदलायची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. थंडीत सकाळी अंग तापल्याशिवाय खायला घालत नाही. गार अंगाने त्याला अन्न पचत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. हाडं पांढरी उमटली होती. जबडा आता टणक आहे. उजवा हात वाकडा राहिला तो राहिलाच. एकदा वाकून घट्ट झालेलं हाड परत सरळ होत नाही. त्यामुळे तो उंच चढत नाही. जीभ पूर्वीइतकी लांब जात नाही, वीतभर अंतरावरचं टिपतो, म्हणून किडे जवळ वाटीत ठेवते. जगला, हे खरं. पण या वाकड्या हाताची काहीच गरज नव्हती. एक जाळीचा पिंजरा, एक ट्यूब, एक भुकटीची डबी आणि दुकानदाराची पाच मिनिटं, एवढ्याने तो टळला असता. म्हणून मला राग येतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने हा जीव विकू नये, आणि माहीत असेल तर सांगितल्याशिवाय हातात देऊ नये. विक्रीबरोबर मराठीत छापलेला काळजीचा कागद देणं बंधनकारक करावं, अशी माझी मागणी आहे.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. सगळे शॅमेलिऑन सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी घरी असेल तर सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. मुलाने हिरूची नोंदणी केली, पण ती करायची असते हे आम्हाला एका वकिलांकडून कळलं.

हिरूची बातमी पसरल्यावर एका गावाहून दोन मुलं घोयरा, म्हणजे आपल्याकडचा रानातला शॅमेलिऑन, घेऊन आली. काही जण त्याला सरडगुहिरा म्हणतात. बांध पेटवला तेव्हा बाभळीवर सापडला म्हणे. कमरेला सुतळी बांधलेली. "आजी, हा बी पाळा, नाहीतर लोक दगडं मारतेत, इखारी हाय म्हणून." तो विषारी नसतो, फुत्कारतो आणि गळा फुगवतो एवढंच. मी सुतळी कापली आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावून दिला. आपल्याकडचा शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. त्याला मी किंवा कोणीही कितीही प्रेमाने ठेवलं तरी त्याच्या बाभळीवरचं ऊन आणि तिथले शंभर प्रकारचे किडे आपण घरात आणू शकत नाही. आपल्या पुरवणीतलं पान वाचून कोणी शेतातलाच एखादा घरी आणला तर, ही भीती मला खरोखर वाटते.

संपादक महोदय, जागा कमी असेल तर माझी हकीकत सगळी गाळा. फक्त पुढच्या ओळी चौकटीत छापा, आणि जमलं तर त्याच फोटोखाली:

घरच्या शॅमेलिऑनची पकड सुटते आहे, तो स्वतःचा पाय धरतो आहे, बोटं थरथरतात, हातपाय वाकलेले किंवा सुजलेले दिसतात, कोपरावर रेटून चालतो, जबडा मऊ लागतो किंवा तोंड नीट मिटत नाही, जीभ बाहेर पडते पण पोचत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका. चुना देऊ नका, माणसांच्या गोळ्या देऊ नका. उंच फांद्या काढा, खाली मऊ अंथरा, उचलणं कमी करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. काय खातो, कुठला दिवा आहे, ऊन काचेतून येतं की थेट, हे कागदावर लिहून न्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, परभणी